वहीतला कॉम्प्युटर

मंडळी, आजचा विषय जरा कोरडा वाटेल. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पोरांशी त्याचा संबंध आहे, तेव्हा निदान नातेवाईकांनी तरी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. :-)

विषय आहे कॉम्प्युटेशनल फिजिक्स. एम.एस्सी. फिजिक्सला हा कुठे स्वतंत्र पेपर असतो, तर कुठे मॅथेमॅटिकल फिजिक्सच्या शेपटाला बांधलेला असतो. नाव भारदस्त आहे, पण त्यामागची कल्पना साधी आहे. निसर्गाची समीकरणं बहुतेक वेळा कागदावर सुटत नाहीत. सूर्य आणि एक ग्रह एवढंच असेल तर न्यूटनचं गणित सुरेख सुटतं. तिसरा पाहुणा आला की गाडी अडते. मग काय करायचं? काळाचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, एकेका तुकड्यात काय घडतं ते साध्या बेरीज-गुणाकाराने काढायचं, आणि असे लाखो तुकडे कॉम्प्युटरकडून जोडून घ्यायचे. बस्स, एवढंच. बाकी सगळा तपशील.

आता हा विषय शिकवतात कसा ते बघा. माझा एक भाचा जिल्ह्यातल्याच एका कॉलेजातून एम.एस्सी. करतोय. त्याच्या वहीत न्यूटन-रॅफसन आहे, सिम्प्सनचा नियम आहे, रुंगे-कुट्टा आहे, सगळं सुवाच्य अक्षरात. प्रोग्रामही आहेत, निळ्या पेनाने लिहिलेले आणि लाल पेनाने चौकटीत बसवलेले. त्यातला एकही प्रोग्राम त्याने कधी चालवून पाहिलेला नाही. परीक्षेत प्रोग्राम कागदावर लिहायचा असतो आणि तपासणारे तो डोळ्यांनी तपासतात. प्रॅक्टिकलला मागच्या बॅचच्या फाईलमधलं आउटपुट उतरवून काढलं की भागतं. आणि ही काही एकाच कॉलेजची गोष्ट नाही, हे शिकवणाऱ्या मित्रांशी बोललं की कळतं.

लोक म्हणतात, तालुक्याच्या ठिकाणी हे असंच चालायचं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. फिजिक्समध्ये पुसद, वणी किंवा दारव्ह्याचं कॉलेज पुण्या-मुंबईच्या बरोबरीने उभं राहू शकेल असा हा बहुधा एकमेव विषय आहे. लेझरची प्रयोगशाळा उभारायची तर लाखो रुपये लागतात, द्रवरूप हेलियमचं तर नावच नको. इथे मात्र एक जुना कॉम्प्युटर पुरतो. पायथन फुकट, सायलॅब फुकट, फोरट्रानचा कंपायलरही फुकट. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे धडे तर मराठीतसुद्धा आहेत. जिथे पैशाची अडचण सगळ्यात कमी, तिथेच आपण वही आणि पेन घेऊन बसलोय, हे मला खुपतं.

थोडा इतिहास सांगतो. अनीसुर रहमान हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. पैनगंगेपलीकडच्या निजामाच्या हैदराबादेत १९२७ साली जन्मलेला हा माणूस. १९६४ साली अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत त्यांनी द्रवरूप आरगॉन वायूचे ८६४ अणू सीडीसी ३६०० या मशीनवर 'हलवून' दाखवले. प्रत्येक अणूवर बाकीच्यांचा जोर किती, पुढच्या क्षणी तो कुठे असेल, पुन्हा जोर किती... असं करत करत द्रव कसा वागतो ते त्यांनी आकड्यांतून काढलं. आज औषधाचे रेणू प्रथिनाला कसे चिकटतात हे ज्या पद्धतीने तपासतात, त्या पद्धतीचा पाया इथे पक्का झाला. ज्या मशीनवर हे झालं त्याच्या कितीतरी पट ताकद आज आमच्या भाच्याच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे.

आणि आपला वऱ्हाडही मागे नाही. विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला. वऱ्हाडातल्या खेड्यातला माणूस देशाला सुपरकॉम्प्युटर देतो आणि त्याच वऱ्हाडातली पोरं प्रोग्राम पाठ करतात, याला काय म्हणावं?

असो. मुद्दा नुसत्या अभिमानाचा नाही. आता जे सांगणार आहे ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

२०१७ साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी कपाशी बऱ्याच ठिकाणी डोक्याएवढी वाढली होती, म्हणजे फवारा पायाशी नव्हे, तोंडासमोर उडत होता. याची कारणं पुष्कळ होती. औषधांची मनाला येईल तशी मिश्रणं, तोंडाला ना मास्क ना हाताला मोजे, सल्ला देणारं कुणी नाही. फिजिक्सच्या एका पेपराने यातलं काही टळलं असतं असं मी अजिबात म्हणत नाही. पण फवाऱ्यातला थेंब वाऱ्यावर किती दूर जातो, हा प्रश्न शंभर टक्के कॉम्प्युटेशनल फिजिक्सचा आहे. आणि माझ्या माहितीतल्या एकाही वहीत तो नाही. वहीत असतो तो तोफेचा गोळा!

गणित करून बघा. वीस मायक्रॉन व्यासाचा पाण्याचा थेंब घ्या, म्हणजे केसापेक्षाही बारीक. स्टोक्सच्या नियमाने तो साधारण सेकंदाला सव्वा सेंटिमीटर या संथ वेगाने खाली येतो. दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला दोन मिनिटं लागतात. वारा सेकंदाला दोन मीटर, म्हणजे नुसती झुळूक, धरला तरी तेवढ्या वेळात तो अडीचशे मीटर लांब जातो. म्हणजे शेजाऱ्याच्या बांधावर नाही, थेट त्याच्या अंगणात. आता दोनशे मायक्रॉनचा थेंब घ्या. तो दोनेक सेकंदात खाली येतो आणि चार-पाच मीटरच्या आतच पडतो. नोझल बदललं की थेंबाचा आकार बदलतो, आणि आकार बदलला की विष कुणाच्या नाकात जाणार हे बदलतं. हे एम.एस्सी.च्या पोराने स्वतः काढलं आणि रविवारी घरी जाऊन बापाला सांगितलं, तर तो पेपर शिकवल्याचं सार्थक झालं असं मी म्हणेन.

यातली आणखी एक गंमत म्हणजे हा एक थेंब सगळा अभ्यासक्रम शिकवून जातो. मोठ्या थेंबाला स्टोक्सचा नियम लावला तर वेग सेकंदाला १.२ मीटर येतो, प्रत्यक्षात तो ०.७ च्या आसपास असतो. का? कारण त्या वेगाला हवेचा विरोध साध्या नियमाने वाढत नाही. इथे समीकरण कागदावर सुटायचं थांबतं आणि कॉम्प्युटर कामाला येतो. बारीक थेंबाची गोष्ट वेगळी. ऑयलरची सोपी पद्धत वापरून काळाचा तुकडा एक शतांश सेकंदाचा ठेवलात, तर स्क्रीनवरचा थेंब आधी वर, मग खाली, मग आणखी वर अशा उड्या मारत पाच-सहा पायऱ्यांतच बंदुकीच्या गोळीच्या वेगाने धावू लागतो! तुकडा एक सहस्रांश सेकंदाचा केला की तोच थेंब शहाण्यासारखा खाली येतो. समीकरण तेच, मशीन तेच, प्रोग्रामही तोच. फक्त तुकडा थेंबाच्या स्वभावापेक्षा मोठा होता.

हे वहीत लिहून कळत नाही. वहीत लिहायचं वाक्य असतं, 'टाइम स्टेप पुरेशी लहान असावी.' पाच मार्क. पण तो थेंब डोळ्यांसमोर उधळलेला ज्याने पाहिला, तो पुन्हा कुठल्याही मशीनच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. माझ्या मते या विषयाची खरी कमाई हीच आहे. प्रोग्रामिंग कुणीही शिकेल. आकड्यावर संशय कसा घ्यायचा, हे शिकवणारे विषय थोडे.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला, 'लाईट नसते.' एकेकाळी विदर्भातलं लोडशेडिंग भयंकर होतं हे मान्य, पण आज लॅपटॉपची बॅटरी एवढं काम सहज करते. दुसरा, 'शिकवणारेच नाहीत.' हा खरा आक्षेप आहे. वर्षानुवर्षं जागा भरायच्या नाहीत, तासिका तत्त्वावर पोटापुरतेही पैसे द्यायचे नाहीत, आणि वर त्या माणसाने नवीन काही शिकवावं अशी अपेक्षा करायची, हा अन्यायच आहे. त्यावर माझ्याकडे जादूची कांडी नाही. पण परीक्षेची पद्धत बदलायला नवी भरती लागत नाही. शंभर मार्कांतले पन्नास मार्क कॉम्प्युटरसमोर बसवून द्या, आणि प्रश्न आधी न पाहिलेला द्या. मार्क जिकडे वळतील तिकडे मुलं आणि मास्तर दोघेही वळतील.

तिसरा आक्षेप हल्लीचा: 'आता कोड एआयच लिहून देतो, मग कशाला शिकायचं?' उलट आता तर जास्तच शिकायला हवं. एआयने लिहिलेला प्रोग्रामही एक शतांश सेकंदाचा तुकडा घेऊ शकतो आणि मोठ्या ऐटीत चुकीचा आकडा देऊ शकतो. चालणारा प्रोग्राम आणि बरोबर प्रोग्राम यांतला फरक ज्याला कळतो, त्याची गरज वाढणार आहे. नुसता प्रोग्राम पाठ केलेल्याची गरज मात्र संपली.

वरच्या थेंबाच्या हिशोबातही बरंच काही राहिलंय, बरं का. हवा सरळ वाहत नाही, ती भोवरे घेते. थेंब वाटेत सुकून आणखी बारीक होतो. झाडाची पानं त्याला अडवतात. म्हणजे माझे अडीचशे मीटर हा अंदाज आहे, निकाल नव्हे. कुणा पोराने यात वारा नीट घालून, सुकणं धरून आकडा सुधारला, तर यवतमाळच्या एम.एस्सी.ला तो झकास प्रोजेक्ट होईल. त्याला ना पुणं लागतं, ना परदेश. कपाशीचं शेत कॉलेजच्या भिंतीला लागूनच आहे.

शिकवणाऱ्या मित्रांनी आपापले अनुभव जरूर लिहावेत. आणि भाच्या, तू हे वाचतच असशील, तर थेंबाचा प्रोग्राम दिवाळीला घेऊन ये. वही घरीच ठेव.