भुकेपुढे फरारी

मूकपटांतील अरण्यकथा म्हणजे वादळ, कडे, अश्रू आणि हातवारे यांचा भडक खेळ, हा जो समज आपल्याकडील सुशिक्षित प्रेक्षकांतही रूढ आहे, तो स्वीडिश दिग्दर्शक व्हिक्टर श्यॉस्ट्रॉम यांचा १९१८ सालचा ‘द आउटलॉ अँड हिज वाइफ’ पाहिल्यावर टिकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अठराव्या शतकातील एका आइसलँडी फरारी इसमावर योहान सिगुर्योन्सन यांनी लिहिलेले नाटक हा त्याचा आधार. परंतु महायुद्धामुळे आइसलँडची वाट बंद झाल्याने चित्रीकरण झाले ते स्वीडनच्या उत्तर टोकास, आबिस्कोच्या मुलखात.

उपाशी कुटुंबासाठी मेंढी चोरून कैदेत पडलेला आणि तेथून निसटलेला एय्विन्द नाव बदलून हाल्ला या सधन विधवेच्या शेतावर चाकरीस राहतो. तिच्यावर डोळा असलेल्या अंमलदार दिरामुळे त्याचे बिंग फुटते, तेव्हा ती जमीनजुमल्यावर पाणी सोडून त्याच्यासह डोंगरात निघून जाते. इथवरची कथा कोणीही रचली असती. पुढे मात्र, पाठलाग करणाऱ्यांच्या हाती लागू नये म्हणून पोटचे मूल स्वहस्ते दरीत लोटलेली ती माता आणि तिचा तो सहचर वार्धक्यात हिमवादळाने वेढलेल्या झोपडीत अन्नावाचून समोरासमोर बसतात, आणि ज्या प्रेमापायी सर्वस्व सोडले त्याचाच हिशेब एकमेकांकडे मागू लागतात. हुकूमत आणि तुरुंग यांना जे साधले नाही, ते भुकेने साधते. एय्विन्दची भूमिका स्वतः श्यॉस्ट्रॉम यांनी केली. हाल्ला झालेल्या एडिथ एरास्टॉफ पुढे त्यांच्या पत्नी झाल्या, ही नियतीची गंमतच.

दहा वर्षांनी हॉलिवूडमध्ये त्यांनीच केलेला ‘द विंड’ अधिक प्रसिद्ध आहे. मोहावी वाळवंटात विमानांच्या पंख्यांनी उडविलेल्या वाळूशी झुंजणारी लिलियन गिश विसरता येत नाही. पण मूळ कादंबरीतील नायिका अखेरीस वाळवंटात नाहीशी होते, तर चित्रपटातील नायिका पतीच्या मिठीत निर्भय होते. या तडजोडीमुळे तो चित्रपट, माझ्या मते, एक पायरी खाली उतरतो; आबिस्कोच्या बर्फाने अशी सवलत कोणास दिली नव्हती.

बर्गमनच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’मधील वृद्ध प्राध्यापक म्हणूनच श्यॉस्ट्रॉमना ओळखणाऱ्या आपल्या फिल्म सोसायट्यांनी हा मूकपट एकदा प्रत्यक्ष वाद्यसंगीतासह पडद्यावर आणावा; मध्यंतर मात्र ठेवू नये.