विचारणारीचा मान



नाशिक रोड स्टेशनवर उतरलेल्या बाईचा प्रवास तिथे संपत नाही. नाशिक शहर अजून ८-१० किलोमीटर पुढे असते. सिव्हिल हॉस्पिटल असो की कोर्ट, वाट अनोळखी माणसालाच विचारावी लागते. ‘विचारायला काय लागतं?’ असे आपण सहज म्हणतो. बाईला बरेच काही लागते.

‘कृपया’ हा शब्द आपल्याकडे पाट्यांवर आणि घोषणांतच राहतो. बोलण्यातले आपले सौजन्य हाकेत आणि क्रियापदात असते : ‘ताई, जरा सांगता का?’ समोर पुरुष असला की बाई आधी त्याला ‘दादा’ करून घेते. नाते जोडले म्हणजे तो नीट वागेल, असा त्यामागचा हिशेब. रिक्षा कुठे मिळेल एवढे विचारण्याआधीही सुरक्षिततेची तजवीज! तिच्या वाट्याला मात्र पुष्कळदा ‘ए बाई, हो बाजूला’ हेच येते.

बोलीमुळे अडचण आणखी वाढते. चाळीसगावकडून रेल्वेने येणारी अहिराणी बोलते, सुरगाणा-पेठकडून एसटीने येणारी कोकणा. आदिवासी पाड्यांवर ‘तू’ म्हणण्यात उद्धटपणा नसतो. खिडकीमागच्या साहेबाला तो दिसतो. एकदा हसे झाले की बाई पुन्हा विचारत नाही. मग रुग्णालयाची वेळ चुकते, कोर्टाची तारीख हुकते. आणि अशा गप्प बाईशी तिच्याच बोलीत गोड बोलणारा पहिला माणूस दलालही असू शकतो.

म्हणून सौजन्याचे धडे केवळ विचारणारीला नकोत, उत्तर देणाऱ्यालाही हवेत. चौकशीची खिडकी, रिक्षाथांबा, एसटी स्थानक येथे प्रत्येक बाईला ‘अहो ताई’ म्हटले जावे, अशी मागणी गटांनी लावून धरावी. २०२७ च्या सिंहस्थासाठी देशभरातून बायका या स्टेशनवर उतरणार; त्याआधी हे व्हायला हवे. आपणही दोन-चार वाक्ये शिकू या. ‘कथा जानं शे, माय?’ एवढी अहिराणी कानावर पडली तरी खानदेशातल्या बाईला धीर येतो.

‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ हे आपण मुलींना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्याऐवजी कोणाला विचारावे ते सांगू या : आधी गणवेशातल्या कर्मचाऱ्याला, दुकानदाराला, मुलेबाळे बरोबर असलेल्या बाईला. रेल्वेचा १३९, महिलांसाठीचा १८१ आणि तातडीचा ११२ हे क्रमांक बैठकीत पाठ करून घेऊ या. विचारणे म्हणजे लाचारी नव्हे. मोकळेपणाने विचारता येणे हा फिरण्याच्या हक्काचाच भाग आहे.