जुन्या गाडीचा मागचा शॉकअप आणि इतिहासाची जबाबदारी

१/ मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली. टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. आता उरल्या त्या खासगी मालकीच्या पद्मिनी. त्या चालत्या राहाव्यात की शोभेच्या वस्तू व्हाव्यात, हा प्रश्न बराचसा एका दुर्लक्षित भागापाशी येऊन ठेपतो. तो भाग म्हणजे मागचा शॉकॲब्सॉर्बर, गॅरेजच्या भाषेत शॉकअप.

२/ थोडी पूर्वपीठिका. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम क्रायस्लर समूहाच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या गेल्या. पुढे फियाटशी करार झाला, १९६४ साली ‘११०० डिलाइट’ आली आणि तिच्याच वंशातील गाडीला १९७४ पासून ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले.

३/ कुर्ल्यास परिचित असलेल्या याच डॉज आणि प्लिमथ नावांनी साठच्या दशकात अमेरिकेत ‘मसल कार’चा काळ गाजवला. मध्यम आकाराच्या गाडीत अवाढव्य इंजिन, हे तिचे सूत्र. भारतात हे बिरुद कौतुकाने मिळाले ते १९८४ च्या हिंदुस्तान कॉन्टेसाला. तिचे सुरुवातीचे इंजिन अवघे १४८९ सीसीचे होते; पुढे १८१७ सीसीचे इसुझू इंजिन आले.

४/ शॉकअपचे काम नावावरून वाटते त्याहून वेगळे आहे. खड्ड्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकअप त्या स्प्रिंगची नंतरची उसळी शमवतो. आतील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, हालचालीचे रूपांतर उष्णतेत होते आणि चाक जमिनीला धरून राहते. तो निकामी झाला की चाक क्षणाक्षणाला रस्ता सोडते आणि ब्रेकही तितकाच दुबळा होतो.

५/ निर्मात्यांनाही हा धडा चुकतमाकत शिकावा लागला. १९६७ च्या शेव्हरोले कॅमारोत मागे एकेरी पाट्याची स्प्रिंग होती. जोराने वेग घेताना मागचा ॲक्सल थडथड उडे. १९६८ च्या मॉडेलमध्ये एक शॉकअप ॲक्सलच्या पुढे व दुसरा मागे बसवून तो दोष आटोक्यात आणला गेला. ‘मूळ रचना’ म्हणून ज्याची पूजा होते, ती रचनाही तिच्या काळात दुरुस्तीखालीच होती.

६/ पद्मिनी आणि कॉन्टेसा यांत येथे महत्त्वाचा भेद आहे. पद्मिनीच्या मागे पाटे आहेत. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने उसळी काहीशी आपोआप शमते. कॉन्टेसाच्या मागे गुंडाळी स्प्रिंग आहे. तिला असे घर्षण नाही, म्हणून सारा भार शॉकअपवर पडतो. एका गाडीला मानवलेला शॉकअप दुसरीला मानवेलच असे नाही.

७/ आज संग्राहकांत दोन पंथ दिसतात. पहिल्याला त्या काळातलाच भाग हवा, मग त्यातले तेल गळून गेले तरी चालेल. दुसऱ्याला उच्च दाबाचे गॅस शॉकअप हवे असतात आणि त्यासाठी चासीवर नवे ब्रॅकेट वेल्ड करण्यासही त्याची ना नसते. दोघांचेही इतिहासाचे भान अपुरे आहे.

८/ पहिल्या पंथास उत्तर असे : शॉकअप हा झिजून बदलण्यासाठीच घडवलेला भाग आहे. वीस वर्षे टॅक्सी म्हणून राबलेल्या गाडीने किती जोड्या पाहिल्या असतील याची कल्पना करावी. १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा शॉकअपचा कारखाना मुंबईतच, मुलुंडला उभा राहिला. बदललेले सुटे भाग आणि ते बसवणारे हात, हाही त्या गाडीच्या चरित्राचाच भाग आहे.

९/ दुसऱ्या पंथास उत्तर अधिक कठोर असावे. चासी, तिच्यावरील छिद्रे आणि कारखान्याचे वेल्डिंग हा गाडीचा मूळ दस्तऐवज होय. त्यावर नवा ब्रॅकेट जोडणे म्हणजे ताम्रपटावर नवी ओळ कोरणे. शिवाय गाडीचे मागचे अंग उंच दिसावे म्हणून हवेचे शॉकअप लावले, तर वजन पेलण्यासाठी न घडवलेल्या टोकांवर गाडीचा भार येतो.

१०/ मधला मार्ग उपलब्ध आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली ट्युरिन सनद सांगते की सुरक्षिततेसाठी बदल करावे लागले तर ते डोळ्यांत न भरणारे आणि पूर्ववत करता येण्याजोगे असावेत, आणि काढलेले भाग जपून ठेवावेत. वास्तुजतनासाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेची ही जणू धाकटी बहीण.

११/ भारताच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच ‘व्हिंटेज’ ठरते. चासी, बॉडी वा इंजिनातील मोठा फेरफार तिला अपात्र करतो. १९७४ च्या पद्मिनीने २०२४ साली पन्नाशी गाठली. आज हौसेने मारलेला एक वेल्ड उद्या तिची ओळख हिरावून घेऊ शकतो.

१२/ निवड कशी करावी? आधी पाटे आणि बुश तपासावेत. मग तीन मापे घ्यावीत : गाडी चाकांवर उभी असताना, ॲक्सल पूर्ण लोंबकळत असताना आणि तो रबरी ठोकळ्याला टेकलेला असताना. शॉकअप मिटल्यावर तिसऱ्या मापाहून आखूड आणि उघडल्यावर दुसऱ्याहून लांब असावा. अन्यथा प्रत्येक धक्क्याला तोच अडसर बनतो.

१३/ मूळ छिद्रांत बसणारा, दुहेरी नळीचा, तेलाचा किंवा कमी दाबाच्या गॅसचा शॉकअप पद्मिनीला पुरेसा आहे. नवी मुंबईतील मालकाने त्याची परीक्षा केवळ पाम बीच रस्त्याच्या गुळगुळीत डांबरावर घेऊ नये. पावसाळ्यातला सायन–पनवेल महामार्ग आणि वाशी खाडीपुलाचे सांधे अधिक खरे सांगतात. फार कडक शॉकअप तेथे पाठीचा कणा आणि साठीकडे झुकलेली चासी, दोन्ही खिळखिळी करील.

१४/ जुनी जोडी पुसून, कापडात गुंडाळून, तारखेच्या चिठ्ठीसह जपून ठेवावी. नव्या जोडीची पावती गाडीच्या कागदपत्रांत लावावी. पन्नास वर्षांनी कुर्ल्याच्या औद्योगिक इतिहासावर संशोधन करणाऱ्यास ती चिठ्ठी एखाद्या बखरीइतकीच मोलाची वाटेल. आणि ती गाडी तोवर धावत असेल, तर त्या बखरीस साक्षीदारही लाभेल.