यंत्र कुठं पाठवायचं?

दोस्तहो, आधी संडासाबद्दल बोलू. लाजायचं काय त्यात? पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच डोक्यावर दिला होता तो यांनी. तर २०२० साली नासानं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नवा संडास धाडला. खर्च दोन कोटी तीस लाख डॉलर! वर माणूस ठेवायचा म्हणजे हवा, पाणी, मूत, घाम, सगळ्याचा बंदोबस्त आला. तिथं मुताघामातलं ९८ टक्के पाणी गाळून परत प्यायला घेतात. आधी माणूस जगवायचा, मग उरल्या वेळात विज्ञान. एकट्या नासाचे वर्षाला सुमारे तीन अब्ज डॉलर त्यात जातात.

यंत्राला यातलं काही लागत नाही. आपलं मंगळयान २०१३ साली ४५० कोटीत गेलं आणि २०२२ पर्यंत टिकलं. २०२५ साली शुभांशु शुक्ला स्थानकावर अठरा दिवस राहून आले, त्याला सुमारे ५५० कोटी. गडी धाडसी, त्याच्याशी आपलं भांडण नाही.

हबल दुर्बिणीची अधू नजर १९९३ साली माणसांच्या हातांनीच दुरुस्त झाली, हे कबूल. पण ते गेले, काम केलं, परतले. वर बिऱ्हाड थाटलं नाही.

आम्ही विज्ञानाचे दुश्मन नव्हे. २०२३ ला चांद्रयान उतरलं तेव्हा वस्तीत आम्हीही बोंबलून नाचलो. पोथीपेक्षा दुर्बीण केव्हाही बरी. पण आता दिल्लीला २०३५ पर्यंत स्वतःचं स्थानक पाहिजे. गगनयान आणि स्थानकाचा पहिला भाग धरून २०२४ साली मंजुरीचा आकडा २०,१९३ कोटींवर गेला.

का? तर झेंडा धरून फोटो काढायला माणूस लागतो. साला, जिथं यंत्रानं भागतं तिथं माणूस पाठवायचा, आणि गटारात यंत्र सोडायचं तर तिथंही माणूसच! सुरक्षेशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मॅनहोल साफ करणारा रोबोट केरळातल्या पोरांनी २०१८ सालीच कामाला लावला. तरी आपला माणूस तोंडाला फडकं बांधून उतरतो. मेला तर तीस लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०२३ साली सांगितलं. तेही घरच्यांनी खेटे घालून मिळवायचे.

मंगळावर, शुक्रावर खुशाल यंत्रं धाडा, आम्ही टाळ्या वाजवू. पण आधी एकेक यंत्र प्रत्येक वॉर्डात आणून उभं करा. स्थानकाचं मग बघू.