पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही? तेलाआधी कारण शोधा

भातलावणीच्या दिवसांत मालगुंड-गणपतीपुळे पट्ट्यात पाय दिवसभर चिखलात असतात. काटा टोचतो, चिऱ्याची कड लागते. बहुतेक जखमा आठवडाभरात सुकतात. पण दोन आठवड्यांतही जखम भरू लागली नाही, तर दुखणं फक्त कातडीचं नसतं.

जखम का भरत नाही?

घोट्याजवळ जखम, भोवती काळपट त्वचा आणि संध्याकाळी सूज असेल, तर बहुधा शिरांमध्ये रक्त साचतं. तळव्याची न दुखणारी जखम मधुमेह किंवा कुष्ठरोगामुळे आलेल्या बधिरपणाची असू शकते. पाय थंड पडतो, रात्री ठणकतो, तेव्हा रक्तपुरवठाच कमी असण्याची शक्यता असते.

आयुर्वेद काय सांगतो?

अशा चिघळलेल्या जखमेला आयुर्वेदात 'दुष्टव्रण' म्हणतात. सुश्रुतसंहितेत व्रणाचे 60 उपक्रम आहेत. त्रिफळ्याच्या काढ्याने धुणं, जात्यादी तेल, जळू लावणं हे आजही वापरात आहे. पट्टी बांधण्याचे प्रकारही सुश्रुताने सांगितलेत. म्हणजे 'आयुर्वेद म्हणजे नुसतं तेल' हा समज शास्त्राला धरून नाही.

मग अडचण कुठे?

या उपचारांवरचे अभ्यास बहुतांश लहान आहेत. शिरांच्या जखमेवर दाबपट्टीचा पुरावा भक्कम आहे. ब्रिटनमध्ये 450 रुग्णांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दाबपट्टीसोबत शिरेवर लवकर उपचार केल्यावर जखमा साधारण 56 दिवसांत भरल्या. उशिरा उपचार झालेल्यांना 82 दिवस लागले. मात्र रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावर घट्ट पट्टी बांधली, तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून आधी डॉप्लर तपासणी हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जळूही धोक्याची.

आमचं मत

'आयुर्वेद की ॲलोपॅथी' हा वाद इथे निरर्थक आहे. राज्यातल्या अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत बीएएमएस डॉक्टरच वैद्यकीय अधिकारी आहेत. त्यांच्या हाती छोटं डॉप्लर यंत्र आणि दाबपट्टीचं प्रशिक्षण द्या. कोणती जखम गावात बरी होईल आणि कोणती लगेच रत्नागिरीला पाठवायची, हे तिथेच ठरेल.

तोवर तुम्ही इतकं करा: तेलाची बाटली उघडण्याआधी साखर तपासा आणि डॉक्टरांना, वैद्यांना एकच प्रश्न विचारा, 'जखम कशामुळे भरत नाही?' उत्तर मिळालं नाही, तर दुसरा दवाखाना गाठा. ताप आला, पाय काळा पडू लागला किंवा दुर्गंधी सुटली, तर एक दिवसही थांबू नका.