विश्लेषण : पावसाळ्यात मरळीवर गळ टाकावा का?

मृगाच्या सरींनी तळी भरू लागली की पहाटे पाचच्या सुमारास बंधाऱ्यांच्या काठावर रॉड-रीळ घेतलेली मंडळी दिसू लागतात. पाण्यावरून सरकणारा रबरी बेडूक, त्याच्या मागे उठणारी लाट आणि पाणी फोडून झेपावणारी मरळ, असे व्हिडीओ मोबाइलवर आवडीने पाहिले जातात. छंद चांगला आहे. माणूस पहाटे उठतो, पाण्याकाठी शांत बसतो, निसर्ग निरखतो. मात्र ज्या महिन्यांत हा छंद रंगात येतो, त्याच महिन्यांत मरळ पिले सांभाळत असते. त्यामुळे गळाला लागलेला मासा भुकेने आला की राखणीसाठी, हा प्रश्न प्रत्येक हौशी गळकऱ्याने स्वतःला विचारायला हवा.

पाण्यावर चालणारे ल्युअर म्हणजे काय?

ल्युअर म्हणजे खोटे आमिष. गांडूळ, कोळंबी किंवा कणकेचा गोळा न लावता प्लास्टिक, लाकूड किंवा रबराची वस्तू पाण्यात अशी खेळवायची की शिकारी माशाला ते जिवंत सावज वाटावे. यातले काही ल्युअर बुडतात, काही मधल्या थरात पोहतात आणि काही शेवटपर्यंत पाण्यावरच राहतात. पाण्यावर राहणाऱ्यांत ‘पॉपर’चे तोंड वाटीसारखे खोलगट असते, झटका दिला की ते पाणी उडवत ‘गळप्’ असा आवाज करते. ‘स्टिकबेट’ डावीकडे-उजवीकडे नागमोडी सरकते. कोकणातल्या खाड्यांत जिताडा आणि तांबोशीसाठी ही दोन्ही वापरली जातात.

गोड्या पाण्यात मात्र राज्य आहे ते ‘फ्रॉग’चे. पोकळ, मऊ अंगाचा हा रबरी बेडूक असतो. त्याचे दोन गळ वरच्या बाजूला, अंगाला चिकटून असतात. त्यामुळे तो कमळाच्या पानांवरून, शेवाळावरून अडकल्याशिवाय घसरत येतो. माशाने तोंडात धरला की अंग दबते आणि गळ उघडे पडतात. पूर्वी मरळीसाठी जिवंत बेडूक गळाला टोचला जाई. रबरी बेडकाने खऱ्या बेडकांचे हाल वाचवले, हे त्याच्या बाजूने मोकळेपणाने मान्य करायला हवे.

यासाठी पहाटच का निवडतात?

पाण्यावरच्या ल्युअरला तीन गोष्टी लागतात. अंधूक उजेड, स्थिर पाणी आणि वरच्या थरात आलेला मासा. पहाटे या तिन्ही जमून येतात. उजेड कमी असला की शिकारी मासे खोल पाणी सोडून काठाच्या उथळ भागात येतात. खालून वर पाहणाऱ्या माशाला उजळू लागलेल्या आकाशापुढे आमिषाची काळी आकृतीच दिसते. त्याचा रंग, त्यावरचा दोरा, रबराचा खोटेपणा त्याला कळत नाही. वारा पडलेला असतो, त्यामुळे छोटीशी हालचालही पाण्यात दूरवर जाते. माशाच्या दोन्ही कुशींवर कंपने टिपणारी संवेदनरेषा असते. तिच्यामुळे डोळ्यांनी दिसण्याआधीच त्याला सावजाची चाहूल लागते.

चौथे कारण प्राणवायूचे. पाणवनस्पती दिवसा प्राणवायू तयार करतात, पण रात्री त्या फक्त वापरतात. त्यामुळे शेवाळाने भरलेल्या तळ्यात सूर्योदयापूर्वी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी झालेला असतो. लहान मासे तोंड वर काढत पृष्ठभागाशी येतात आणि शिकाऱ्याच्या तावडीत सापडतात. ऊन चढले की हा खेळ आटोपतो.

मरळ इतकी आक्रमक का?

मरळीला पाण्यातल्या प्राणवायूच्या तुटीची फारशी फिकीर नसते. तिच्या कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत हवेतून श्वास घेणारा अवयव असतो. ठरावीक वेळाने ती वर येते, हवा घेते आणि पुन्हा खाली जाते. बाजारात ओल्या पाटीत ती तासन्‌तास जिवंत राहते, ती यामुळेच. जिवंत विकली जात असल्याने तिला भावही चांगला मिळतो. तेलंगणाने तर मरळीला राज्यमाशाचा मान दिला आहे.

ती दबा धरून शिकार करते. गवताच्या आडोशाला निश्चल राहायचे आणि बेडूक, लहान मासा, किडा टप्प्यात आला की एका झेपेत गिळायचा, ही तिची रीत. त्यामुळे पाण्यावरच्या ल्युअरला महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्यात मरळीसारखा दुसरा मासा नाही. पाणी फुटल्यावर लगेच ओढायचे नाही, क्षणभर थांबून मासा फिरला की मग रॉड उचलायचा, हे नवख्याला जमत नाही आणि जुन्याला सवयीचे होते. छंदाची गोडी त्या क्षणभराच्या थांबण्यात आहे.

पावसाळ्यात नेमके काय बिघडते?

कटला, रोहू हे मासे लाखांनी अंडी देतात आणि निघून जातात. पिलांची राखण त्यांच्या स्वभावात नाही. मरळीचे उलट आहे. पावसाळा हा तिच्या विणीचा मुख्य हंगाम. नर-मादी मिळून उथळ पाण्यात गवत बाजूला सारून घरटे करतात. पाण्यावर तरंगणारी पिवळसर अंडी त्यांच्या तुलनेत कितीतरी कमी असतात, पण आई-बाप त्यांच्यावर पहारा देतात. पिले बाहेर आल्यावरही त्यांचा दाट पुंजका करून पालक पुढचे काही आठवडे त्यांच्याखाली फिरत राहतात.

हा पुंजका ओळखता येतो. वारा नसताना पाण्याच्या एका लहानशा भागावर पावसाचे थेंब पडत असल्यासारखे बुडबुडे उठतात. पिले श्वासासाठी एकदम वर येतात, म्हणून असे दिसते. साध्या मरळीची पिले तांबूस-नारिंगी असल्याने तिथे पाण्यावर लालसर झाक असते. मग शेजारीच एखादी मोठी मरळ हवा घेऊन जाते.

अनुभवी गळकरी हे सगळे जाणतो. काही जण याच खुणेचा फायदाही घेतात. पुंजक्यावरून फ्रॉग ओढला की पालक हमखास झेपावतो. इथे तो बेडूक खायला आलेला नसतो, पिलांवर आलेला शत्रू हटवायला आलेला असतो. एरवी गळकऱ्याला मरळीचा सावधपणा भेदावा लागतो. इथे भेदायचे काही उरतच नाही, कारण मासा पळूच शकत नाही. पालक टोपलीत गेला की पिले बगळे, खंड्या, पाणसाप आणि दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. एक मरळ पकडली असे वाटते, प्रत्यक्षात त्या जागेची त्या वर्षीची वीण संपलेली असते.

पकडून परत सोडली तर चालते ना?

हा युक्तिवाद सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो अर्धाच खरा आहे. मरळ चिवट असते. नीट हाताळून सोडलेली मरळ बहुधा जगते. प्रश्न ती पाण्याबाहेर असताना पिलांचे काय होते, हा आहे. उत्तर अमेरिकेत घरटे राखणाऱ्या बास माशांवर याचा अभ्यास झाला आहे. नर थोडा वेळ जरी घरट्यापासून दूर नेला तरी भक्षक पिलांवर तुटून पडतात, आणि परत आलेला दमलेला नर कधी कधी घरटेच सोडून देतो, असे त्यात दिसले. कॅनडातील ऑन्टॅरिओच्या अनेक भागांत बासच्या विणीच्या काळात त्याचा हंगाम बंद ठेवतात, तो यासाठीच. मरळ म्हणजे बास नव्हे, पण पहारा देणाऱ्या पालकाला उचलण्याचा अर्थ दोन्हीकडे सारखाच आहे.

शिवाय ‘पकडा आणि सोडा’ हा सगळीकडे लागू होणारा धर्म नाही. मरळीच्या कुळातले मासे अमेरिकेच्या पाण्यात उपरे ठरले. २००२ मध्ये तिथल्या सरकारने त्यांना घातक ठरवून त्यांच्या आयातीवर बंदी आणली. तिथल्या काही राज्यांत ते पाण्यात सोडणे हाच गुन्हा मानला जातो. आपल्याकडे बंदी असलेला आफ्रिकन मांगूर गळाला लागला तर तोही परत सोडू नये. मूळची मरळ आणि उपरा मांगूर यांना एकच नियम लावणे म्हणजे माशांची ओळख नसणे.

गळाने असे किती मासे जाणार?

आकड्यांत पाहिले तर कमीच. बारीक आसाची जाळी, पाण्यात सोडलेला विजेचा करंट, जिलेटीनचे स्फोट, सांडपाणी आणि बुजवलेली गावतळी यांनी केलेले नुकसान गळाच्या कितीतरी पट मोठे आहे. सगळा दोष हौशी गळकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

तरीही दोन गोष्टी उरतात. एक, जाळे आंधळे असते, गळ नेमका असतो. पुंजक्यावर टाकलेला फ्रॉग तळ्यातली नेमकी तीच मोठी, वीण यशस्वी केलेली मरळ निवडतो. दुसरी, कटला-रोहूचे बीज दरवर्षी केंद्रांतून आणून जलाशयांत सोडले जाते. मरळीचे बीज तयार करणे अवघड आणि मिळणेही दुर्मीळ. विदर्भातल्या मालगुजारी तलावांत असो की उजनीच्या फुगवट्यात, मरळ टिकते ती प्रामुख्याने तिने स्वतः राखलेल्या घरट्यांवर.

पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारे वलगणीचे मासे पकडण्याबद्दल कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात हाच वाद जुना आहे. अंड्यांनी भरलेला मासा चविष्ट लागतो आणि सहज सापडतो. पण ज्याच्या पोटात पुढचे वर्ष आहे, त्यालाच आपण पहिल्यांदा उचलतो.

कायदा काय सांगतो?

समुद्रासाठी नियम ठळक आहेत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते आणि ती दरवर्षी बातमीचा विषय होते. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ पासून आहे. २०२३ मध्ये राज्याने ५४ सागरी प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा घोषित केले. लहान पापलेट पकडू नका, हे आता बंदरावर सर्वांना ठाऊक आहे.

गोड्या पाण्यात स्फोटक आणि विषाने मासेमारी करण्याला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून मनाई आहे. जलाशयांचे ठेके बहुतांश मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, त्यामुळे तिथे गळ टाकण्याआधी संस्थेची परवानगी घेणे हे कर्तव्यच आहे. पण पिले राखणाऱ्या माशावर हौसेने गळ टाकावा की नाही, याची चर्चा ना चावडीवर होते ना गळकऱ्यांच्या मेळाव्यात. मरळीला पापलेटसारखे वलय नाही, हे त्याचे एक कारण असावे.

मग करायचे काय?

ज्या भोई किंवा ढीवर कुटुंबाची चूल माशावर पेटते, त्याला संयम शिकवण्याआधी ज्याचे पोट त्यावर अवलंबून नाही त्याने थांबावे. हौशी गळकऱ्याचे नुकसान होऊन होऊन काय होणार? एक फोटो आणि एक व्हिडीओ हुकेल. त्यामुळे पहिले पाऊल त्याचेच हवे.

हे पाऊल अवघड नाही. मृगापासून गणपतीपर्यंत मरळीच्या तळ्यावर फ्रॉग टाकूच नये, हे उत्तम. ते जमत नसेल तर किमान एवढे पाळावे : पाण्यावर बुडबुड्यांचा पुंजका दिसला की दोर गुंडाळायचा आणि ती जागा सोडायची. चुकून पालक लागलाच तर हात ओले करून, पाण्यातच ठेवून, फोटोच्या नादी न लागता जिथे लागला तिथेच त्याला सोडायचे. गळाचे उलटे टोक पक्कडीने आधीच दाबून ठेवले तर सोडवणे काही सेकंदांचे काम होते.

सहकारी संस्थांनी परवानगी देताना ही अट कागदावर लिहावी आणि हौशींकडून योग्य शुल्कही घ्यावे. राखलेले तळे हिवाळ्यात जास्त गळकरी आणते, हा संस्थेचाही फायदा आहे. मत्स्यव्यवसाय विभागाने मरळीसाठी विणीचा बंद काळ आणि किमान लांबी ठरवण्याचा विचार करावा. तोवर तळ्याकाठी पुंजक्याचे चित्र असलेला एक फलक लावला तरी पुष्कळ होईल. व्हिडीओ करणाऱ्यांनी पुंजक्यावरची पकड दाखवणे थांबवावे. त्यांचे पाहूनच शाळकरी मुले गळ टाकायला शिकतात.

पाण्यावरच्या ल्युअरचा हंगाम पावसाबरोबर संपत नाही. ऑक्टोबरनंतर पाणी निवळते आणि पिले पांगून स्वतःची शिकार करू लागतात. तेव्हा पहाटे फ्रॉगवर झेपावणारी मरळ भुकेने आलेली असते, तिला पळण्याची मुभा असते आणि तिला फसवायला कसब लागते. खरा खेळ तेव्हाचा आहे. त्यासाठी चार महिने थांबावे लागले, तर ते फार नाही.