मळ्याचा धनी पाचव्यांदा बाजारात गेला

शास्त्रवाचन: मत्तय २०:१-१६



द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. बहुतेक वेळा भर असतो तो शेवटच्या मजुराला मिळालेल्या पूर्ण मजुरीवर. पण त्याआधीची एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. धनी स्वतः बाजारात गेला, आणि तोही दिवसातून पाच वेळा. संध्याकाळ व्हायला तासभर उरला असतानाही काही माणसे तिथे उभीच होती. त्यांना काम नको होते असे नव्हे. त्यांना कोणी बोलावलेच नव्हते.

आपल्या मंडळ्यांतही अशी माणसे आहेत. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजारातून सावरलेली, औषधे नियमित घेणारी, उपासनेला वेळेवर येणारी. त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो, आणि ती करायलाच हवी. पण उपासना संपल्यावर "सध्या काय करतोस?" असे कोणी विचारले की त्यांची मान खाली जाते. घरचे म्हणतात, "आधी पूर्ण बरा होऊ दे, मग कामाचे पाहू." असे म्हणता म्हणता वर्षे निघून जातात.

आम्हाला वाटते, हा क्रमच चुकतो आहे. बरे होणे आणि काम करणे ही एकापुढची एक पायरी नाही. दोन्ही हातात हात घालून चालतात. सकाळी उठायला कारण असणे, चार माणसांत मिसळणे, महिन्याला स्वतःच्या कष्टाचे पैसे घरी आणणे, हाही उपचाराचाच भाग आहे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर येथे रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९०च्या दशकात हीच दिशा धरली. वर्षानुवर्षे प्रशिक्षण देत बसण्याऐवजी माणसाच्या आवडीची साधी, खरी नोकरी लवकर शोधायची. उपचार करणाऱ्यांशी संपर्क ठेवायचा. आणि नोकरी लागल्यावरही साथ सोडायची नाही. पुढे अनेक देशांत झालेल्या अभ्यासांत, आधी प्रशिक्षण देण्याच्या जुन्या रीतीपेक्षा या रीतीने कितीतरी अधिक लोक कामाला लागले.

आपल्या महाराष्ट्रातही ठाण्याच्या आयपीएच संस्थेचा 'त्रिदल' उपक्रम आणि पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन पुनर्वसनाचे काम करत आहेत. कायदाही पाठीशी आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे आणि सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणात त्यालाही वाटा आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे.

आता आपल्या इंदूरकडे पाहू. बाणगंगेचे मानसिक रुग्णालय आणि सांवेर रोडचे कारखाने यांच्यात फार अंतर नाही. पण रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाला त्या कारखान्याच्या फाटकापर्यंत कोण नेणार? कायदा हात धरून नेत नाही. ते काम मंडळीचे आहे.

आपल्यापैकी कोणाचे दुकान आहे, कोणाची शाळा, कोणाचा छापखाना. अर्ध्या दिवसाचे एक काम निघणार नाही का? रात्रीच्या औषधांमुळे काहींना सकाळी गुंगी राहते. त्यांना अकरा वाजता बोलवा. सूचना एका वेळी एकच द्या. मात्र जितके तास काम, तितक्या तासांची रीतसर मजुरी द्या. हातावर खाऊला पैसे ठेवणे म्हणजे नोकरी नव्हे.

बाकीचे कामगार कुरकुर करतील. दाखल्यातही ते कुरकुरले होते. धन्याने त्यांचे ऐकून घेतले, त्यांचे ठरलेले त्यांना दिले, पण शेवटच्याला परत पाठवले नाही.

ज्यांना नोकरी देता येत नाही त्यांनी सोबत करावी. पहिल्या दिवशी बरोबर जावे, आणि त्या व्यक्तीची संमती असेल तर अधूनमधून मालकाशी बोलावे. आजार उलटला तर काही दिवसांची सुटी मिळवून द्यावी आणि जागा राखायला सांगावी. एकदा पडलेल्याला पुन्हा उभे करण्यात लाज कसली?

आणखी दोन गोष्टी कळकळीने सांगतो. कोणाचा आजार प्रार्थनेच्या विनंतीत नाव घेऊन जाहीर करू नका. त्या एका वाक्याने मिळणारी नोकरी जाऊ शकते. आणि विश्वासाच्या नावाखाली कोणाची औषधे बंद करायला लावू नका. लूक स्वतः वैद्य होता, हे पौलानेच लिहून ठेवले आहे. मदत हवी असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

हे प्रभू, तू आम्हाला मळ्यात बोलावलेस तेव्हा आमची लायकी पाहिली नाहीस. बाजारात अजून उभे असलेले आमचे भाऊबहीण आम्हाला दिसू दे, आणि त्यांना बोलवायला आमचे पाय उचलू दे. आमेन.